एचबी (हिमोग्लोबिन) कमी आलंय ना? मग गोळी आणण्यापासून संपवण्यापर्यंत हे वाचा

मेडिकलच्या काउंटरला बसलं की "ताई, रक्त वाढायचं काहीतरी द्या ना" हे वाक्य इतक्यांदा कानावर पडतं की आता एकदा बसून सगळं लिहूनच टाकते. बहुतेक जणींना बाटली हवी असते, लाल रंगाचं गोड टॉनिक, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली लोहाची गोळी "गरम पडते" म्हणून दोन आठवड्यांत बंद केलेली असते, वर बीट आणि डाळिंबावर खर्च चाललेला असतो तो वेगळाच. मी फार्मसिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे किती मिलिग्रॅम आणि किती महिने हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण गोळी घरी गेल्यावर तिचं काय होतं हे मी रोज ऐकते, आणि खरी गडबड तिथेच असते.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं आहे असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे जगात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी साधारण ३० टक्के जणींना ॲनिमिया, म्हणजे एचबी कमी, आहे आणि पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये ४० टक्क्यांच्या आसपास. भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणात बायका ५७ टक्के, लहान मुलं ६७ टक्के निघाली, महाराष्ट्रात बायका ५४ आणि मुलं जवळजवळ ६९ टक्के, आणि आपल्या राज्याचे हे आकडे आधीच्या सर्वेक्षणापेक्षा वाढलेत. २०१२ साली सगळ्या देशांनी मिळून ठरवलं होतं की २०२५ पर्यंत बायकांमधलं प्रमाण निम्म्यावर आणायचं. नाही जमलं. आता २०३० म्हणतायत. सगळा ॲनिमिया लोहामुळेच असतो असं नाही पण सगळ्यात मोठं कारण तेच, आणि चीड यायची गोष्ट ही की औषध नवीन नाही, महागही नाही. फेरस सल्फेटची गोळी फ्रान्समध्ये ब्लो नावाच्या डॉक्टरने १८३२ मध्येच पेशंटना दिली होती! आज तीच गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. मिळते, पण पोटात जात नाही, आणि गेली तर चहाबरोबर जाते.

आधी रिपोर्ट नीट बघा

एचबी किती म्हणजे कमी? साधारण असं धरा: बाईला १२ च्या खाली, गरोदर असेल तर ११ च्या खाली, पुरुषाला १३ च्या खाली. लहान मुलांना वयाप्रमाणे साडेदहा ते साडेअकराच्या आसपास. "माझं दहा आहे, चालतंय ना, आमच्या घरात सगळ्यांचं दहाच असतं" हे फार ऐकते मी. नाही चालत. सगळ्यांचं दहा असणं म्हणजे सगळ्यांनाच ॲनिमिया असणं.

रक्तदान शिबिरात बोटाला टोचून थेंब निळ्या पाण्यात टाकतात बघा, ते मोरचुदाचं पाणी असतं, थेंब पटकन बुडाला तर एचबी साडेबाराच्या वर, तरंगत राहिला तर कमी. त्यावरून "तुमचं रक्त चालणार नाही" म्हणून परत पाठवलं असेल तर घरी येऊन विसरून जाऊ नका, लॅबमध्ये जाऊन सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी तपासणी, करा. सीबीसीमध्ये एचबीच्या खाली एमसीव्ही नावाचा आकडा असतो, म्हणजे लाल पेशीचा आकार. लोह कमी असलं की पेशी बारीक होतात, एमसीव्ही ८० च्या खाली जातो. आणि परवडत असेल तर सोबत फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची टेस्ट, करून घ्या. एचबी म्हणजे गल्ल्यात दिसणारी रोकड आणि फेरिटिन म्हणजे कपाटात ठेवलेले पैसे. कपाट रिकामं झालं तरी गल्ला बरेच दिवस भरलेला दिसू शकतो. फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे साठा संपलाच, बरेच डॉक्टर ३० च्या खाली असलं तरी उपचार सुरू करतात. एक भानगड आहे, ताप किंवा इन्फेक्शन चालू असताना फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं, त्यामुळे आजारपणात केलेल्या रिपोर्टवर फार विश्वास ठेवू नका.

आता हे महत्त्वाचं. एचबी कमी म्हणजे लोहच कमी असं गृहीत धरून वर्षानुवर्षं गोळ्या खाणारी माणसं मी बघितलीत. पेशी मोठ्या झाल्या असतील, एमसीव्ही १०० च्या वर, तर ते बहुतेकदा बी ट्वेल्व्ह नाहीतर फोलेट हे व्हिटॅमिन कमी असल्याने असतं. फोलेटचा शोध आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. लुसी विल्स नावाची इंग्लंडची डॉक्टर १९२८ मध्ये इथे आली, गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा ॲनिमिया अभ्यासायला, आणि तिला सापडलं की यीस्टच्या अर्काने, म्हणजे ते पावाला लावून खातात ते मार्माइट, त्या बायका बऱ्या होतायत. पुढे कळलं की त्यात फोलेट होतं. आज लोहाच्या सरकारी गोळीत फॉलिक ॲसिडही असतं, ते फोलेटच.

आणि पेशी बारीक आहेत पण लाल पेशींची संख्या मात्र भरपूर, असं असेल तर थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिनचा एक जन्मजात दोष, असू शकतो. सिंधी, लोहाणा, कच्छी, पंजाबी घरांमध्ये हा जास्त सापडतो पण इतरांमध्येही असतोच. गडचिरोली, नंदुरबार, विदर्भातल्या बऱ्याच भागात सिकलसेल हा दुसरा जन्मजात दोष सापडतो. तिथे नुसतं लोह खाऊन काही होत नाही, हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी अशी टेस्ट लागते. लग्नाआधी, निदान पहिल्या गरोदरपणात तरी ती एकदा करून घ्याच. कंबोडियात एका कॅनडाच्या पोराने लोखंडाचा छोटा मासा बनवला होता, रस्सा उकळताना पातेल्यात टाकायचा, तिथले लोक मासा शुभ मानतात म्हणून बायका आनंदाने टाकायच्या, जगभर कौतुक झालं. नंतर नीट चाचणी केली तर एचबी काही वाढेना, कारण तिथल्या बऱ्याच जणांचा ॲनिमिया लोहाचा नव्हताच, थॅलेसेमियासारखे रक्तातले जन्मजात दोष होते. म्हणून म्हणते, आधी टेस्ट.

रक्त जातंय कुठे ते शोधा

हा भाग सगळेच टाळतात, डॉक्टरसुद्धा घाईत असले की. शरीरात सगळं मिळून लोह असतं तीन-चार ग्रॅम, आणि शरीर ते जपून वापरतं, जुन्या पेशी मोडल्या की त्यातलं परत काढून घेतं. रोज जेमतेम एक मिलिग्रॅम बाहेर जातं. मग कमी पडतं कसं? एकतर आत कमी येतंय, नाहीतर रक्त कुठूनतरी जातंय, नाहीतर दोन्ही.

बायकांमध्ये पहिला प्रश्न पाळीचा. आणि इथे अडचण अशी की प्रत्येकीला आपलं आहे तेच नॉर्मल वाटतं, कारण दुसरीचं कधी बघितलेलं नसतं आणि आई, मावशी, बहीण सगळ्यांचं तसंच असतं. तर खुणा सांगते: तास-दोन तासाला पॅड पूर्ण भिजतंय, रात्री उठून बदलावं लागतंय, रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा मोठ्या गाठी पडतायत, सात दिवसांच्या वर चाललंय. यातलं काहीही असेल तर नुसत्या गोळ्या खात बसू नका, गायनॅककडे जा, सोनोग्राफी होईल, फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली गाठ, वगैरे असेल तर कळेल. दर महिन्याला जेवढं भरताय त्याच्यापेक्षा जास्त जात असेल तर गोळीने होणार काय?

पुरुष असाल किंवा पाळी गेलेली बाई असाल आणि लोह कमी निघालं, तर ती गोष्ट अजून गंभीरपणे घ्या. हे मी काउंटरवर पण जरा आवाज चढवून सांगते. पन्नाशीच्या काकांचं एचबी नऊ आलं आणि त्यांना टॉनिक हवं असतं! अहो काका, तुम्हाला पाळी येत नाही, मग रक्त गेलं कुठे? मूळव्याध असेल, अल्सर असेल, सांधेदुखीसाठी रोज पेनकिलर खात असाल तर त्याने पोटात रक्तस्राव होत असेल, आणि आतड्याचा कॅन्सर पण असाच गुपचूप ॲनिमियाने दिसतो. आधी तपासणी, टॉनिक नंतर.

जंत हे गरीब देशांतलं जुनं कारण, आणि ते एकेकाळी युरोपातही होतं. स्वित्झर्लंडमध्ये आल्प्सखालून गोटहार्डचा रेल्वे बोगदा खणत होते, १८८० च्या आसपास, तेव्हा शेकडो कामगार पांढरेफटक पडायला लागले. धूळ, कोंदट हवा असं म्हणत राहिले सगळे, शेवटी इटलीच्या डॉक्टरांनी शौच तपासलं तर हुकवर्म नावाचा जंत सापडला. बोगद्यात संडास नाही, ओली उबदार माती, त्यातून अळी कातडीतून आत शिरते आणि आतड्याला चिकटून थेंब थेंब रक्त पिते. आपल्याकडे शेतात अनवाणी जाणारे, उघड्यावर शौच होणाऱ्या भागात राहणारे, सगळ्यांना हा धोका आहेच. म्हणून शाळा-अंगणवाडीत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला जंतनाशक दिवस असतो, अल्बेंडाझोलची चावून खायची गोळी. त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. आणि शेतात चप्पल, गमबूट, काहीतरी घाला.

एक खूण अजून, लोक लाजून सांगत नाहीत ती. माती खावीशी वाटणं, पाटीवरची पेन्सिल, खडू, कच्चे तांदूळ, राख, नाहीतर फ्रिजमधला बर्फ कुडुमकुडुम चावत बसणं. ही वाईट सवय म्हणून पोरीला ओरडतात घरचे. लोह कमी असलं की असं होऊ शकतं, आणि लोह भरून आलं की बऱ्याचदा ती इच्छा आपोआप जाते. तेव्हा ओरडण्याआधी सीबीसी.

गोळी: खायची कशी

दुकानात यायच्या आधी एक गोष्ट समजून घ्या, पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा हा बऱ्याचदा क्षाराचा, म्हणजे लोह ज्या संयुगात असतं त्याचा असतो, लोहाचा नाही. एलिमेंटल आयर्न, म्हणजे प्रत्यक्ष लोह, किती ते बघा. फेरस सल्फेटच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीत लोह साधारण ६५ मिलिग्रॅम असतं, फ्युमरेटचं जवळपास तेवढंच, ग्लुकोनेट असेल तर बरंच कमी. फेरस ॲस्कॉर्बेटवर बहुतेक वेळा थेट "एलिमेंटल आयर्न १०० मिलिग्रॅम" असंच लिहिलेलं असतं. महागडी गोळी म्हणजे जास्त लोह असं अजिबात नाही, आणि त्या लाल गोड बाटलीत एका चमच्यात किती लोह आहे ते मागच्या बारीक अक्षरात वाचा एकदा, मग माझ्याशी वाद घाला. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, ती उपकेंद्रात, आशाताईकडे मिळते, आणि ती दुय्यम वगैरे नाही, तेच औषध आहे.

कधी घ्यायची? रिकाम्या पोटी सगळ्यात चांगली शोषली जाते, म्हणजे जेवणाआधी तासभर किंवा जेवल्यावर दोन तासांनी, साध्या पाण्यासोबत नाहीतर लिंबू पाण्यासोबत. पण रिकाम्या पोटी मळमळत असेल, आणि बऱ्याच जणींना मळमळतं, तर जेवणानंतर घ्या, थोडी कमी शोषली जाईल पण निदान घेतली तर जाईल. माझं मत विचाराल तर रात्री झोपताना घेणाऱ्या जणी सगळ्यात नीट कोर्स पूर्ण करतात, कारण मळमळ झोपेत निघून जाते आणि त्या वेळेला चहा नसतो.

चहा! चहाशी माझं भांडण नाही, मी पण दिवसातून चार कप पिते, पण जेवणासोबत किंवा गोळीसोबत चहा घेतला तर लोहाचं शोषण निम्म्याहून कमी होतं, कॉफीचं पण तसंच. सकाळी चहा-चपाती खाऊन लगेच गोळी घेतली की ती बरीचशी वाया. गोळीच्या आधी आणि नंतर निदान तासभर चहा नको. दूध नको. कॅल्शियमची गोळी तर मुळीच सोबत नको, दोन तासांचं अंतर ठेवा, गरोदर बायकांना दोन्ही गोळ्या एकाच पाकिटात घालून दिलेल्या असतात आणि त्या दोन्ही एकदम गिळून मोकळ्या होतात. लोह सकाळी नाहीतर रात्री, कॅल्शियम दुपारी जेवताना, एवढं साधं ठेवा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती सकाळी उठल्या उठल्या आणि लोह त्यानंतर चार तासांनी, हे विसरलात तर थायरॉइडचा रिपोर्ट बिघडतो आणि मग डोस उगाच वाढतो. ॲसिडिटीची गोळी रोज खाणाऱ्यांनी पण डॉक्टरांना सांगा, कारण पोटात आम्ल कमी असलं की लोह नीट शोषलं जात नाही. काही अँटिबायोटिकसोबतही अंतर लागतं, विचारून घ्या.

रोज की एक दिवस आड? पूर्वी दिवसाला दोन-तीन गोळ्या द्यायचे. आता कळलंय की लोहाचा मोठा डोस पोटात गेला की लिव्हर हेप्सिडिन नावाचं हार्मोन सोडतं आणि ते जवळपास दिवसभर पुढच्या लोहाचा रस्ता अडवून ठेवतं. झुरिकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये लोह कमी असलेल्या तरुण बायकांवर हे तपासलं, एक दिवस आड घेणाऱ्यांमध्ये लोह जास्त चांगलं शोषलं गेलं. त्यामुळे बरेच डॉक्टर आता दिवसाला एकदाच, किंवा एक दिवस आड देतात, त्रासही कमी होतो. पण हे स्वतःच्या मनाने करू नका, विशेषतः गरोदर असाल तर, तिथे सरकारी नियम रोजच्या गोळीचा आहे. डॉक्टरांना विचारा, "एक दिवस आड चालेल का?" एवढंच.

त्रास होणार आहे, तो आधीच माहीत असू द्या. शौच काळी होते, ते लोहाचंच, घाबरू नका. (पण गोळी घेत नसताना डांबरासारखी काळी चिकट झाली तर मात्र लगेच डॉक्टर.) पोट साफ होत नाही, कोणाला जुलाब होतात, तोंडाला लोखंडासारखी चव येते. पाणी वाढवा, रात्री भिजवलेले मनुके, पेरू, भाज्या. तरी सहन होत नसेल तर बंद करू नका, बदलून घ्या, दुसरा क्षार, कमी डोस, एक दिवस आड, पर्याय भरपूर आहेत. "गरम पडते" असं म्हणून बंद करणाऱ्यांना मी विचारते नक्की काय होतं, तर निम्म्या वेळा उत्तर येतं की बद्धकोष्ठ. त्याला इलाज आहे. आणि गरोदर बाईने गोळी खाल्ली तर बाळ काळं होतं, बाळ फार मोठं होऊन सिझर होतं, असलं सांगणाऱ्या सासवांना मी हात जोडते, यातलं काहीही खरं नाही. गोळीचा रंग बाळाला लागत नाही!

किती दिवस घ्यायची, इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात. साधारण आठवडा-पंधरा दिवसात बरं वाटायला लागतं, दम कमी लागतो, जिना चढताना थांबावं लागत नाही, आणि तिथेच गोळी बंद होते. चौथ्या आठवड्यात परत एचबी करा, एक ग्रॅमने तरी वाढायला हवं. नसेल वाढलं तर गोळी खरंच घेतली का, चहासोबत घेतली का, रक्त अजून जातंय का, का रोगच वेगळा आहे, हे शोधायचं, नुसता डोस वाढवायचा नाही. आणि एचबी नॉर्मल आल्यावरही अजून तीनेक महिने चालू ठेवायची, कारण गल्ला भरला तरी कपाट रिकामंच असतं. स्ट्रिपवर पेनाने तारखा टाका, किंवा घरात कोणालातरी सांगा रोज विचारायला. शक्यतो नवऱ्याला सांगा, त्यालाही कळू दे.

बीट, डाळिंब आणि बाकीचं

लाल रंग म्हणजे रक्त, असं डोक्यात बसलंय. शंभर ग्रॅम बिटात लोह असतं मिलिग्रॅमभर पण नाही, डाळिंबात तर त्याच्याही निम्म्याहून कमी. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागतं असं आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, सांगते, म्हणजे नुसत्या डाळिंबावर भागवायचं तर रोज नऊ-दहा किलो. खा हो, चांगलं फळ आहे, पण औषध म्हणून नका खाऊ.

खरं लोह कशात? मटण, कलेजी, तिसऱ्या, सुकट. मांसातलं लोह शरीर पटकन घेतं, भाज्या-धान्यातलं फार थोडं. बकऱ्याची रक्ती खाणारे बरेच जण चारचौघात सांगत नाहीत, पण लोहासाठी ती उत्तम आहे, आणि तिकडे दक्षिण अमेरिकेत पेरू देशात लहान मुलांच्या ॲनिमियासाठी कोंबडीचं शिजवलेलं रक्त खायला घाला म्हणून सरकारच सांगतं. गरोदर असाल तर कलेजी जपून, त्यात व्हिटॅमिन ए फार असतं.

शाकाहारी असाल तर बाजरी, अळीव, तीळ, कारळं, मोड आलेली मटकी, हुलगे, शेवग्याचा पाला, लाल माठ. आणि त्यावर लिंबू पिळा, हे लिंबू फार कामाचं आहे, त्यातल्या व्हिटॅमिन सीने शोषण वाढतं, आवळा, पेरू, कच्ची कोबीची कोशिंबीर काहीही चालेल, पण त्याच जेवणात हवं. लिंबू गरम भाजीत उकळू नका, ताटात पिळा. कडधान्य भिजवून मोड आणले, पीठ आंबवलं की त्यातलं लोह अडवून ठेवणारं फायटेट कमी होतं, म्हणजे आपल्या आज्या करत होत्या ते बरोबरच होतं. बाजरीचं एक सांगते, इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने तयार केलेलं धनशक्ती नावाचं वाण २०१२ मध्ये महाराष्ट्रातच पहिल्यांदा आलं, नेहमीच्या वाणांपेक्षा त्यात लोह बरंच जास्त. अशा जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी नगर जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांना देऊन बघितली तेव्हा ज्यांचं लोह आधी कमी होतं त्यांच्यात चांगला फरक दिसला. बियाणं घेताना विचारून बघा.

लोखंडी कढई, बिडाचा तवा वापरा, आमटी-रस्सा, चिंच-टोमॅटो असलेलं काही असेल तर लोह उतरतं थोडं. फक्त शिजलं की दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळं पडून चव जाते. रेशनच्या तांदळात वेगळे दिसणारे, पाण्यावर तरंगणारे दाणे दिसले तर तो प्लॅस्टिकचा तांदूळ नाही. लोह, फॉलिक ॲसिड आणि बी ट्वेल्व्ह घातलेले तांदळाचेच दाणे असतात ते. निवडून फेकू नका. घरात थॅलेसेमिया मेजरचा पेशंट असेल तर मात्र त्याच्यासाठी डॉक्टरांना विचारा.

पण एक स्पष्ट सांगते, एचबी आठ-नऊ असताना नुसत्या जेवणावर ते वर येत नाही. जेवण पुढे परत कमी होऊ नये म्हणून. आत्ता गोळीच.

पोटातलं बाळ आणि घरातली पोरं

गरोदरपणात सगळं मिळून जवळपास एक ग्रॅम जास्तीचं लोह लागतं. सरकारी नियमाप्रमाणे चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर परत १८० दिवस. दुसरा भाग कोणीच करत नाही. डिंकाचे लाडू सुरू होतात आणि गोळी बंद होते, लाडू पण खा आणि गोळी पण. सातच्या खाली एचबी असेल तर घरी बसायचंच नाही, हॉस्पिटल. दिवस भरत आले असतील आणि गोळीला वेळ नसेल तर शिरेतून आयर्नचं इंजेक्शन देतात, आयर्न सुक्रोज किंवा एफसीएम (फेरिक कार्बोक्सिमाल्टोज), सुरुवातीचे तीन महिने सोडून. ते दवाखान्यातच, दिल्यावर अर्धा तास थांबून. आणि डिलिव्हरीच्या आधी डॉक्टरांना विचारून ठेवा, बाळाची नाळ मिनिटभर थांबून कापाल का? एक ते तीन मिनिटं थांबलं तर बाळाला वारेतलं रक्त जास्त मिळतं आणि पुढचे काही महिने लोह पुरतं. फुकटचं आहे हे.

सहा महिन्यांनंतर नुसतं आईचं दूध लोहाला पुरत नाही. वरचं खाणं वेळेत सुरू करा आणि अंगणवाडीतलं सिरप आठवड्यातून दोनदा, एक मिली, ड्रॉपरने जिभेच्या मागे सोडा म्हणजे दात काळे पडत नाहीत. वर्षाच्या आत गायी-म्हशीचं दूध प्यायला नको. आणि वर्षानंतर दिवसभर बाटली तोंडात असलेली गुबगुबीत पोरं, काहीच खात नाहीत पण दूध पितात ना म्हणून आई खूश, त्यांच्यातच लोह सगळ्यात कमी निघतं! अर्धा लिटरच्या वर दूध नको. शाळेतली गुलाबी गोळी पाच ते नऊ वयाची, निळी दहा ते एकोणीसची, दोन्ही आठवड्यातून एकदा, जेवणानंतर. उपाशी पोरांना दिली की एकाला मळमळतं आणि त्याला बघून सगळ्या वर्गाला मळमळतं.

पोराला मलेरिया किंवा जोराचा ताप असेल तर आधी त्याचा उपचार, सिरप डॉक्टर सांगतील तेव्हा. टांझानियाच्या पेम्बा बेटावर तेव्हा मलेरिया भरपूर होता, तिथे लहान मुलांना सरसकट लोह दिलं तर आजारपण आणि मृत्यू उलट वाढलेले दिसले, २००६ मध्ये ते छापून आलं आणि मग अशा भागांसाठी नियम बदलले, आता तिथे मलेरियाच्या बंदोबस्तासोबतच लोह देतात.

आणि स्ट्रिप ठेवायची जागा: वर, बंद कपाटात. या गोळ्या रंगीत, गोड आवरणाच्या, चॉकलेटसारख्या दिसतात, आणि लहान मुलाने मूठभर खाल्ल्या तर जीवावर बेतू शकतं. खाल्ल्याचा नुसता संशय जरी आला तरी उलटी करवत बसू नका, मुलगा बरा दिसतोय म्हणून वाट बघू नका, कारण मध्ये काही तास बरं वाटून मग अचानक बिघडतं. उरलेली स्ट्रिप हातात घ्या आणि सरळ मोठं हॉस्पिटल गाठा, किती गोळ्या कमी आहेत ते तिथे पहिल्यांदा विचारतील.